उतारवयातली शिकवणी

पाषाणच्या टेकडीवर मार्चमधलं गवत
गाढवाच्या पाठीच्या रंगाचं झालंय.
पुष्पलता पुढे उतरतेय गुडघे वाकवून,
हात असे समोर, जणू चहाचा ट्रे धरलाय,
आणि मेहेंदळे काठी टेकून विचारतात,
'वहिनींच्या कमरेत उसण भरली का?'

नाही हो.
ती आठवतेय. पायांनी.

जानेवारीत लेकीने नेलं होतं
इटलीच्या डोंगरातल्या एका गावात, ज्याचं नाव
मला अजून एका दमात म्हणता येत नाही.
सगळं पांढरं. कुठे थांबावं
हे सांगणारं एक झुडूपसुद्धा नाही.
नवशिक्यांचा उतार मात्र एवढासा,
आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या रॅम्पहून
थोडा लांब, इतकंच.
भाड्याचे बूट चढवताना खडकीचा कारखाना आठवला,
पहिला दिवस: तिथेही आधी पाय अडकवले,
काम नंतर सांगितलं.

वर न्यायला सरकता पट्टा.
पट्टा मला माहीत आहे. एकतीस वर्षं
त्याच्यावरून पितळी पुंगळ्या जाताना पाहिल्या,
वाकडी दिसली की उचलायची, बाजूला टाकायची.
इथे पट्ट्यावर मुलं. चार वर्षांची, पाच वर्षांची,
लाल हेल्मेट, नाकं वाहतायत,
आणि त्यांच्यामध्ये आम्ही,
दोघं मिळून एकशे एकोणतीस वर्षांचे.
हात सवयीने पुढे झाला.
कुणालाच बाजूला काढायचं नव्हतं.

शिकवणारी ओर्नेला, वय बावीस.
'पिझ्झा!' म्हणून ओरडायची. म्हणजे
टोकं जवळ, टाचा लांब, की थांबता येतं.
पुष्पलता म्हणाली, पिझ्झा कशाला, तिकोना म्हण.
दुसऱ्या दिवशी अख्खी पलटण
'तिकोना, तिकोना' करत खाली येऊ लागली
मावळातला किल्ला पायांत धरून.

मी थांबायचो नाही. पडायचो.
पडलो की आधी आजूबाजूला बघायचो, कुणी पाहिलं का.
आमच्याकडे माणूस आधी उठतो,
लागलंय का ते घरी जाऊन बघतो.
ती पोरं पडली की पडून राहायची.
बर्फ खायची. आभाळ बघायची.
ओर्नेलाही त्यांना उठवायची नाही.

चौथ्या दिवशी पुष्पलता
मला न विचारता पाळण्यात बसून वर गेली
आणि निळ्या पाटीच्या वाटेने उतरली.
लेकीचं जांभळं जाकीट, बाह्या दुमडलेल्या.
माझ्या समोरून गेली. मी हाक मारली,
ती मफलरमध्येच राहिली.
अडतीस वर्षं ही बाई माझ्या मागून येते,
कुलूप ओढून, गॅस पुन्हा बघून.
तिची पाठ बघायची वेळ कधी आली नव्हती.
पाठ चांगली होती.
वळणावर जराशी डावीकडे कलली
आणि झाडांमागे गेली.

मी परत पट्ट्यावर जाऊन उभा राहिलो,
एका चिमुरडीच्या मागे. तिने सरकून जागा दिली.

रात्री ताटात पिवळं काहीतरी आलं, मक्याचं.
'उकडच की, फोडणी विसरलेली,' पुष्पलता म्हणाली,
आणि दोनदा मागून घेतली.
वर काय होतं, ते मी विचारलं नाही.
गुडघ्याचं तेल तिने पिशवीतून काढलं
आणि आधी स्वतःला लावलं.

मेहेंदळे अजून उत्तरासाठी उभे आहेत.
खाली बाणेरच्या इमारती, एक टँकर
रिव्हर्स घेत केव्हाचा पिपाणी वाजवतोय.
मुरमावर तिचा पाय सुटतो. ती सावरत नाही,
सुटू देते, हातभर.
मीही टोकं जवळ आणतो, टाचा लांब.
कॅनव्हासच्या बुटांना हे कळत नाही.

'अहो, लागलं का?' मेहेंदळे काठी पुढे करतात.

खालून, मागे न बघता, ती ओरडते,
'असू द्या हो त्यांना तिथेच थोडा वेळ.'